सात तास पाच मिनिटं

३ मार्च, सोमवार

धांदल्या,

तुझ्या लेकीचं पत्र आलं. माझा पत्ता तिने इतक्या मोठ्या अक्षरांत लिहिला होता की तिकिटाला जागाच उरली नव्हती, ते बापडं पाकिटाच्या मागे चिकटवलंय. तरी पोचलं. शाळेने प्रकल्प दिलाय म्हणे: कुठल्याही दोन विमानतळांमधलं अंतर किती आणि प्रवासाला वेळ किती. पुढे लिहिलंय, 'बाबा म्हणाले, आत्याला विचार, तिचं कामच ते आहे.' हे वाक्य मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा चष्म्याशिवाय वाचलं होतं, ते धरू नकोस.

बाबा म्हणाले! नऊ वर्षांत बाबा काही म्हणाले नव्हते.

तिला उत्तर वेगळ्या कागदावर लिहिलंय, चित्रं काढून. हे तुझ्यासाठी अशाकरता, की तिने उद्या शाळेत काही भलतंच सांगितलं तर खापर माझ्या डोक्यावर फुटायला नको. तर ऐक. तुझ्या विमानतळापासून माझ्या विमानतळापर्यंत सरळ अंतर सहा हजार दोनशे बारा किलोमीटर. 'सरळ' म्हणजे नकाशावर पट्टी ठेवून नाही हं. तिला सांग, एक चेंडू घे, दोन टिंबं काढ आणि मध्ये दोरा ताणून धर. तोच दोरा सपाट कागदावर काढला की कमानीसारखा वाकडा दिसतो. बावीस वर्षं मी ती कमान रोज बघतेय. पडद्यावर ती फिकट निळी असते. आमच्या खोलीला खिडकी नाही, त्यामुळे आभाळ म्हणून मला तेवढीच रेघ माहीत आहे.

आता वेळ. इथेच तुझ्या लेकीला शंका आलीय आणि शंका बरोबर आहे. तुझ्याकडून माझ्याकडे यायला आठ तास पाच मिनिटं लागतात, आणि माझ्याकडून तुझ्याकडे सात तास पाच मिनिटं. अंतर तेच, विमानही तेच. फरक वाऱ्याचा. वर फार उंचावर एक वारा वाहतो, नदीसारखा, मावळतीकडून उगवतीकडे. विमान त्याच्याबरोबर गेलं की तासभर वाचतो, उलट गेलं की तासभर जातो. मला तो वारा आवडतो. कामावरून घरी चालत येताना मी कधी कधी वर बघते. खाली झाडाचं पानही हलत नसतं आणि तिकडे वर तो नुसता धावत असतो, कुणाला पत्ता नसतो.

आमच्या भिंतीवर दोन घड्याळं आहेत हेही तिला लिहिलंय. एक गावाचं. दुसरं साऱ्या जगाच्या विमानांचं, सामायिक. ते आमच्या चार तास पुढे असतं. आमचं सगळं काम त्या दुसऱ्यावर चालतं, कारण आकाशात कुणाचं गाव नसतं. त्याची इतकी सवय होते की विचारू नकोस. मागे दातांच्या डॉक्टरने दहाची वेळ दिली, मी वहीत आपली चौदा लिहून ठेवली आणि दुपारी दोनला जाऊन उभी राहिले. डॉक्टर जेवत होता. खूप हसलो आम्ही.

फार काही हसण्यासारखं नाही खरं तर.

असो. हे पत्र उडणार सात तास. बाकीचे आठ दिवस पोस्टात कुठे लोळत पडतं, देव जाणे. आणखी एक सांगायचं होतं, पण पुढचं विमान आलंय अंगावर.

ताई


२४ मार्च, सोमवार

धांदल्या,

लेकीला प्रकल्पात चांगले गुण मिळाले हे कळलं. दोऱ्याचा चेंडू वर्गात टांगलाय म्हणे. बाई म्हणाल्या, आत्याला सांग की छान समजावलंय. मी हे आमच्या खोलीत सगळ्यांना वाचून दाखवलं. आमचे मिशीवाले कॅप्टन त्या वेळी फ्लाइट प्लॅन घ्यायला आले होते. ते म्हणाले, 'बाई, बावीस वर्षांत तुमच्या प्लॅनला मी कधी छान म्हटलं नाही, चुकलंच माझं.' मग सही करून निघून गेले.

ही सहीची गंमत तुला ठाऊक नसेल. प्रत्येक उड्डाणाच्या प्लॅनवर दोन सह्या लागतात. रस्ता, इंधन, वारा, वेळ हे सगळं मी मांडते आणि खाली सही करते. कॅप्टन वाचतो, पटलं तर माझ्या शेजारी त्याची सही. नाही पटलं तर विमान जागचं हलत नाही, आत तीनशे माणसं पट्टे बांधून बसली असली तरी. आणि पुढे काही चुकलं तर दोघं जबाबदार. एकट्यावर ढकलायची सोय नाही.

बघ, कुठून कुठे आले मी. तुझ्या लेकीच्या पत्राबद्दल लिहीत होते.

तिने खूप लिहिलंय रे. मुलं लिहितात तसं, सगळं एका दमात. घरात मांजर आहे. तू काचेच्या कारखान्यात आता पाळीचा मुख्य झालास. पुढे लिहिते, 'बाबा दोन घड्याळं घालतात, तुमच्या भिंतीसारखी. डाव्या हातात आमचं, उजव्या हातात आजीच्या घराचं. शाळेच्या बससाठी आम्ही वीस मिनिटं आधी जाऊन उभे राहतो, पाऊस असला तरी. मी कुरकुर केली की बाबा म्हणतात, मी एकदा उशीर केला होता. कशाला उशीर केला होता, ते सांगत नाहीत. आत्या, तुला माहीत आहे का?'

आज पुढे लिहवत नाही.

ताई


२५ मार्च, मंगळवार, दुपार

माझ्या भावा,

कालचं पत्र पोस्टात टाकलं नाही. हे त्याच्याच पाकिटात घालतेय. आज सुट्टी घेतलीय. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलेय, समोर चहा निवून साय धरलीय. तुझ्या लेकीने विचारलंय, आत्याला माहीत आहे का. आत्याला माहीत आहे. आत्यालाच तेवढं माहीत आहे.

फोन का करत नाही म्हणशील. फोनवर मी तुझ्याशी एकदा खोटं बोललेय, दुसऱ्यांदा बोलायचं नाही.

आईच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर मला म्हणाले, उद्या दोनला आत घेऊ. आईचं एकच म्हणणं होतं, त्याआधी तुझ्याशी बोलायचं. मी कामावर होते. समोर प्लॅन, कानाला फोन, हातात पेन्सिल. डॉक्टरांनी 'दोन' सांगितलं आणि माझ्या हाताने चिठ्ठीवर लिहिलं १८००. मुद्दाम नाही रे. बावीस वर्षं हा हात प्रत्येक वेळ त्या दुसऱ्या घड्याळात बदलून लिहितोय. अर्ध्या तासाने दोन विमानांच्या मध्ये सवड काढून तुला फोन लावला. चिठ्ठी बघितली आणि म्हटलं, 'उद्या सहाला कर. मग लगेच आत नेतील.'

आपल्या घरचा नियम तुला पाठ. वेळ सांगायची ती नेहमी आईच्या घड्याळाने. तू तोच धरलास. आमचे सहा म्हणजे तुझ्याकडे रात्रीचे अकरा. तुझी पाळी दहाला सुटायची. तुला वाटलं असणार, ताईने माझी पाळी लक्षात ठेवून डॉक्टरांशी बोलून घेतलं. वाटलं ना? तू फोन ठेवताना 'बरं झालं गं ताई' म्हणाला होतास. ते 'बरं झालं' माझ्या कानातून गेलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी, डॉक्टरांचे दोन डोक्यात पक्के धरून, दीड वाजता मी पोचले तर आईने केस विंचरून घेतले होते. फोनवर केस कुठे दिसतात! पण विंचरले होते. फोन छातीवर ठेवून पडली होती. पावणेदोनला म्हणाली, 'किती वाजले?' मी तुला दोनदा लावला. बंद. तुमच्याकडे पाळीवर फोन कुलपात ठेवतात ना. मी भडकले, तुला काय काय बोलले. आई म्हणाली, 'विसरला असेल गं. धांदल्याच तो. तू त्याला ओरडू नकोस.' मग फोन माझ्या हातात दिला आणि तिला आत नेलं.

तू बरोबर सहाला फोन केलास. एक मिनिट इकडे नाही, तिकडे नाही. तोवर आई गेली होती.

आणि मी काय म्हटलं तुला? 'आता करतोस? मी दोन सांगितलं होतं. आयुष्यात एकदा तरी नीट ऐकायचं होतंस!' मग तू म्हणालास, 'सहा म्हणालीस ना तू?' मी म्हटलं, 'दोन.' तू म्हणालास, 'असेल.'

असेल! लहानपणी छत्र्या हरवल्यास, वह्या विसरलास, एकदा चपला उलट्या घालून शाळेत गेलास, म्हणून तू स्वतःच्या कानांवरसुद्धा विश्वास ठेवला नाहीस. धांदल्या हे नाव तुला मीच ठेवलं होतं. माझी चूक त्या नावाखाली अलगद खपून गेली.

त्या दिवशी मला खरंच वाटत होतं की मी दोन म्हटलं. हे खरं आहे, पण त्याचा उपयोग महिनाभरच झाला. महिन्याने टेबलाचा खण आवरताना चिठ्ठी सापडली. माझं अक्षर. 'आई आत — १८००. धाकट्याला कळवणे.' मी खुर्चीवर बसले ती उठेचना. तेव्हाच तुला कळवायला हवं होतं. उद्या कळवू म्हटलं, मग परवा. पुढे तुझे फोन बंद झाले आणि मी मनाला समजावलं की तोच बोलत नाही, मी काय करणार. दरवर्षी कंपनी मला एक फुकट तिकीट देते, कुठेही जा. दरवर्षी ते वाया घालवलं. विचारणाऱ्यांना सांगते, मला उंचीची भीती वाटते. उंटावरून शेळ्या हाकणारी बाई म्हणून माझी तिथे थट्टा चालते. चालू दे. भीती उंचीची नव्हती.

चिठ्ठी सोबत घातलीय. मूळचीच आहे, माझ्याकडे नक्कल ठेवलेली नाही.

तू उशीर केला नव्हतास. लेकीला सांग. आत्या म्हणाली म्हणून सांग. पावसात उभं राहायची गरज नाही.

ताई


२० एप्रिल, रविवार

धाकट्या,

सव्वीस दिवस झाले. पत्र पोचून पंधरा-सोळा तरी झाले असतील. तुझं उत्तर नाही, लेकीचंही नाही. बरोबर आहे तुझं. मी नऊ वर्षं गप्प बसले, तुला पंधरा दिवस तरी हवेतच. उत्तर मागायला म्हणून लिहीत नाहीये.

स्वप्न पडलं ते सांगायला लिहितेय. दुसरं कुणाला सांगणार? माझ्या त्या निळ्या कमानीवरून मी चालत होते. खाली समुद्र, पण आवाज नाही. समुद्रात आमचे ठरलेले बिंदू असतात. तिथे काहीच नसतं, बेट नाही, दिवा नाही, नुसतं पाणी. तरी प्रत्येकाला पाच अक्षरांचं एक नाव असतं, कुठल्याच भाषेत अर्थ नसलेलं. स्वप्नात ती नावं म्हणजे दारं होती. एकेक दार ढकलत मी पुढे जात होते. चौथ्या का पाचव्या दारापाशी आई खिडकीशी बसली होती, केस विंचरलेले, मांडीवर फोन. मी विचारलं, 'कुठे निघालीस?' ती म्हणाली, 'कुठे नाही गं, मध्येच बसलेय. इथून दोघांचं घर सारखंच लांब आहे.' मग नेहमीसारखं, 'किती वाजले?' मला सांगताच येईना. मनगटावर बघितलं तर घड्याळ नव्हतं. ती हसली, म्हणाली, 'राहू दे.'

जागी झाले तर खोलीभर ऊन. सकाळचे नऊ वाजून गेले होते. बऱ्याच दिवसांनी इतकी झोप लागली.

आई बसली होती तो बिंदू आमच्या कामात खरंच असतो. प्रत्येक प्लॅनमध्ये मी तो काढते. समुद्रावर काही बिघडलं तर पुढे जायचं की मागे फिरायचं, ते त्यावरून ठरतं. तिथून पुढे जायला आणि परत यायला सारखाच वेळ लागतो. तो अर्ध्या वाटेवर असेल असं कुणालाही वाटेल. पण तुझ्याकडे येताना वारा पाठीशी असतो, म्हणून तो बराच अलीकडे येतो. निम्मा रस्ताही झालेला नसतो आणि तरी पुढे जाणंच जवळ पडायला लागतं. हे मी हजारो वेळा कागदावर मांडलंय. स्वतःला कधी लावून बघितलं नाही. सात तास पाच मिनिटं, तीही वाऱ्याच्या पाठिंब्याने, आणि मी नऊ वर्षं या खुर्चीत बसून राहिले. मूर्ख बाई.

तर, या वर्षीचं तिकीट वाया घालवायचं नाही असं ठरवलंय. तेवीस मेला, शुक्रवारी. सकाळी सहा पंचावन्नचं विमान. पण तुला न विचारता दारात येऊन उभी राहायची नाही. सोबत एक फ्लाइट प्लॅन जोडलाय, माझ्या एकटीचा. काल कामावर कुणाचं लक्ष नसताना कोऱ्या फॉर्मवर केलाय. रस्ता आहे, वारा आहे, बिंदू आहेत, पोचायची वेळ आहे. इंधनाच्या रकान्यात 'पुरेसं' असं लिहिलंय. कॅप्टन बघतील तर नोकरी जाईल. खाली माझी सही आहे. शेजारची जागा रिकामी सोडलीय.

पटलं तर सही करून परत पाठव. नाही पटलं तर कागद तिकडेच राहू दे, विमान हलणार नाही आणि मी समजेन. कुरकुर करणार नाही. केली तरी तुला ऐकू येणार नाही.

मांजराचं नाव काय ते लेकीने लिहिलंच नाही.

ताई


१४ मे, बुधवार

धाकट्या,

आज दुपारी घरी आले तर दारात पाकीट. पत्ता मोठ्या अक्षरांत, तिकीट मागच्या बाजूला. किल्ली दोनदा खाली पडली. शेजारची म्हणाली, 'काय हो, बरं नाही का?' मी म्हटलं, 'विमान उशिरा आहे.' काय वाटेल ते बोलले. ती बिचारी मान डोलावून आत गेली.

उभ्या उभ्याच पाकीट फोडलं. आत पत्र नव्हतं. एक ओळ नाही. माझाच प्लॅन, चार घड्या घातलेला, आणि एका कोपऱ्यात मांजराचं चित्र, खाली नाव: धांदल. हे नाव कुणी ठेवलं ते कळलं मला. आधी हसले आणि मग भिंतीला टेकून तिथेच खाली बसले.

मग तुझी सही दिसली. माझ्या सहीच्या अगदी लगत. लहानपणी पांघरुणात तू असाच खेटून झोपायचास आणि मी लाथा मारायचे. सही बदलली नाही तुझी. शेवटचं अक्षर अजून ओळ सोडून खाली घसरतं.

आणि वर, पोचायच्या वेळेभोवती, लाल शाईने गोल. मला कळेना कशासाठी. जवळ नेऊन बघितलं. अरे देवा! मी काय लिहिलं होतं? पोच: १८००. नऊ वर्षं रडले, पानंच्या पानं कबुली लिहिली, आणि ज्या कागदावर तुझ्याकडे यायची परवानगी मागितली त्यावर पुन्हा तेच. याच हाताने. तुला वाटेल चेष्टा करतेय. शपथ घेऊन सांगते, माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

गोलाशेजारी तुझं बारीक अक्षर. 'ताई, कोणाच्या घड्याळाने?'

तीन शब्द. त्या दिवशी हे तीन शब्द तुला विचारता आले असते. तुझ्या डोक्यात आलेही नसतील, कारण ताई वेळ चुकणार नाही ही तुझी खात्री होती. आता तू विचारलंस. शेजारची दार उघडून दोनदा बघून गेली.

हे पत्र पोस्टाने पाठवत नाहीये, लोळत पडायला वेळ नाही. मिशीवाले कॅप्टन उद्याच्या विमानाने तिकडे येतायत, ते स्वतः तुझ्या कारखान्याच्या दारात देणार आहेत. संध्याकाळी विमानतळावर गाठून त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी प्लॅन नीट वाचला, लाल गोल बघितला आणि म्हणाले, 'बाई, याने तुमची चूक धरली. हा माणूस कॅप्टन व्हायला हवा होता.'

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तीनदा तपासलंय, आणि कॅप्टनांकडूनही तपासून घेतलंय.

विमान टेकेल तेव्हा तुझ्या डाव्या हातातल्या घड्याळात संध्याकाळचे सात वाजतील. तुझ्या घड्याळाने, सात. वीस मिनिटं आधी येऊन उभा राहू नकोस. आणि उजव्या हातातल्या घड्याळाकडेही एकदा बघ. त्यात तेव्हा बरोबर दोन वाजलेले असतील.

ताई